अ‍ॅनोडाइज्ड पट्टीचे तेज

पोर्शे ९११ ही स्पोर्ट्स कार १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात प्रथम मांडली गेली. तिच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांवरील बाह्य ट्रिम, म्हणजे बंपरवरच्या, दारांखालच्या आणि काचांभोवतीच्या शोभेच्या धातुपट्ट्या व मुठी, एकाच धातूची नसते आणि एकाच रीतीने चमकवलेलीही नसते, हे दुरुस्ती करणाऱ्याच्या ध्यानात बहुधा नुकसान झाल्यावरच येते. दारांखालची पट्टी अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनियमची, तर दाराच्या मुठीवर क्रोमचा मुलामा. दुरून मात्र दोन्ही रुपेरीच दिसतात.

अ‍ॅल्युमिनियमची वस्तू सल्फ्युरिक आम्लाच्या द्रावणात धनाग्राला जोडून वीज सोडली असता तिच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा कठीण, पारदर्शक थर तयार होतो. यालाच अ‍ॅनोडायझिंग म्हणतात. हा थर रंगासारखा वरून दिलेला नसून त्याच धातूपासून घडलेला असतो आणि शोभेच्या कामात त्याची जाडी साधारणपणे ५ ते २५ मायक्रॉन भरते. तो एकदा डागाळला की पॉलिशने उजळत नाही, आणि घाई नडते ती नेमकी इथे. प्रस्तुत लेखकाकडून अशी एक पट्टी क्रोमची समजून आधी बफवर धरली गेली आणि फरक पडेना म्हणून कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात सोडली गेली; परंतु कॉस्टिक ऑक्साइड संपल्यावर थांबत नाही, खालचा धातूही खात राहतो, त्यामुळे पट्टी बाहेर काढेपर्यंत ती राखाडी, खडबडीत झाली होती आणि तिच्या कडांची धार गेली होती.

ओळख पटवण्यास चुंबक पुरेसा नाही, कारण पितळ आणि जस्तही त्याला चिकटत नाहीत. ऑक्साइड वीजरोधक असल्यामुळे, वर लॅकर नसल्याची खात्री करून मल्टिमीटरची टोके हलकेच टेकवावीत. वीज वाहिली नाही तर थर शाबूत आहे असे समजावे. नव्याने अ‍ॅनोडायझिंग करण्यासाठी तो कॉस्टिकच्या द्रावणात काढताना हातमोजे व चष्मा घालून, मोकळ्या हवेत (कारण ज्वालाग्राही हायड्रोजन सुटतो) पट्टी दर थोड्या वेळाने बाहेर काढून, धुऊन पाहावी. पोचे आणि ओरखडे याच टप्प्यावर काढावे लागतात, कारण नवा थर पारदर्शक असल्याने खालचा प्रत्येक दोष तसाच दाखवतो.

आरशासारखी चकाकी आणण्याचा मोह सर्वांत घातक म्हणावा लागेल. १९६७ च्या ९११ एसवर आलेल्या फुक्स नावाच्या अ‍ॅल्युमिनियम चाकांचे मूळ तेज मंद, रेशमी होते. ती घासून लखलखीत केली म्हणजे गाडी अधिक मूळ रूपात येते, हा समज निव्वळ हौसेचा आहे, शिवाय थर नसलेले अ‍ॅल्युमिनियम पावसापाण्यात लवकरच मळकटते. म्हणून पट्टी उतरवल्यावर रबराखाली झाकला गेलेला, उन्हापासून वाचलेला तुकडा शोधून तसाच राखावा आणि अ‍ॅनोडायझिंग करणाऱ्याच्या हाती तोच नमुना म्हणून द्यावा.