मूत्रपिंडातील लहान गाठीवर शीतोपचार

वालूर व सेलू परिसरातून येणाऱ्या एखाद्या रुग्णाची सोनोग्राफी दुसऱ्याच कारणासाठी केली जाते आणि मूत्रपिंडात लहानशी गाठ आढळते. दुखणे काहीच नसते. परंतु ‘गाठ’ हा शब्द ऐकताच घरातील सर्वांचा धीर सुटतो. काही जण मूत्रपिंड तत्काळ काढून टाकण्याची घाई करतात, तर काही जण भीतीपोटी पुढील तपासणीच टाळतात. ही दोन्ही टोके टळावीत, यासाठी क्रायोॲब्लेशन म्हणजेच गाठ गोठवून नष्ट करण्याच्या उपचाराची माहिती आम्ही येथे देत आहोत.

या उपचाराचे मूळ जुने आहे. कुल्फी गोठविण्यासाठी बर्फ व मीठ वापरतात. त्याच मिश्रणाने १९ व्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमधील डॉ. जेम्स अरनॉट यांनी कर्करोगाच्या बाहेरून दिसणाऱ्या गाठी गोठविल्या होत्या. आज सी.टी. स्कॅनच्या साहाय्याने त्वचेतून बारीक सुया गाठीत नेतात. उच्च दाबाचा आरगॉन वायू सुईच्या टोकाशी एकदम प्रसरण पावतो आणि तेथील तापमान उणे १०० अंश सेल्सिअसच्याही खाली जाते. तयार होणारा बर्फाचा गोळा पडद्यावर दिसत असल्याने त्याने संपूर्ण गाठ व्यापल्याची खात्री करता येते. गोठविणे व वितळविणे यांची सामान्यतः दोन आवर्तने होतात. त्यांत पेशी फुटतात व सूक्ष्म रक्तवाहिन्या बंद पडतात.

सुमारे ३ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींसाठी ही पद्धत योग्य ठरते. वृद्ध, हृदयविकार असलेले किंवा एकच मूत्रपिंड असलेले रुग्ण यांना तिचा विशेष लाभ होतो. तथापि, अशा लहान गाठींपैकी सुमारे पाचांतील एक कर्करोगाची नसते. म्हणून आधी तुकड्याची तपासणी आवश्यक असते. प्रकृती सक्षम असल्यास केवळ गाठीचा भाग काढण्याची शस्त्रक्रिया आजही प्रथम विचारात घेतली जाते, कारण गोठविल्यानंतर गाठ पुन्हा वाढण्याची शक्यता किंचित अधिक असते. तसे झाल्यास उपचार पुन्हा करता येतो. रक्तस्राव हा त्यातील मुख्य धोका होय.

हा उपचार मोठ्या शहरांतील निवडक रुग्णालयांतच होतो. सेलूहून रेल्वेने एकदा जाणे जमते. खरी कसोटी पुढील अनेक वर्षांच्या नियमित स्कॅनची असते. तेथेच गरीब कुटुंबाचा हात आखडतो आणि तेथेच दात्यांचे साहाय्य मोलाचे ठरते. कुटुंबीयांना आमची विनंती एवढीच, की गाठ आढळल्यास घाबरू नये. मात्र तपासणी लांबणीवरही टाकू नये.