पाटस ते लंडन : हिशेब घरापासून घरापर्यंतचा

मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. थेट विमानाला जाताना साडेनऊ ते दहा तास लागतात, परतताना त्याहून थोडे कमी, कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेला वाहणारे जोराचे वारे जाताना समोरून येतात आणि परतताना पाठीशी असतात. पण पाटस, वरवंड, कुरकुंभकडून पहिल्यांदाच इकडे येणाऱ्यांना आम्ही इथे स्थिरावलेली कुटुंबे आवर्जून सांगतो : नुसता विमानाचा हिशेब धरू नका.

समजा, विमान सोमवारी पहाटे अडीचचे आहे. म्हणजे निघायचे रविवारी दुपारी. तारखेचा हा घोळ फार होतो. तिकीट घरातल्या दोघांनी वाचावे. पाटस ते पुणे साधारण ६० किलोमीटर, तिथून मुंबई विमानतळ दीडशेच्या आसपास. गाडीला पाच-सहा तास धराच. उरुळी, लोणी काळभोर, हडपसर इथे किती वेळ जाईल, याचा भरवसा नाही. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या असतात. तुकोबांची पालखी यवत, वरवंडकडून पाटसमार्गे रोटी घाटाकडे जाते, त्या दिवसांत वाहतूक वळवलेली असते. आदल्या दिवशीच चौकशी करा. विमानतळावर तीन तास आधी पोचायचे, म्हणून दुपारी चारला घर सोडलेले बरे.

विमान लंडनला उतरेल तेव्हा भारतात दुपारचे साडेबारा आणि हिवाळ्यात इथे सकाळचे सात वाजलेले असतील. इमिग्रेशन, सामान आणि पुढे हॅरो, वेम्बली किंवा स्लाऊ गाठेपर्यंत आणखी दोन-अडीच तास. म्हणजे दारापासून दारापर्यंत तेवीस तास.

मुंबई टाळायची असेल तर लोहगावहून दुबईमार्गे येता येते. थेऊर फाट्यावरून केसनंद, वाघोलीमार्गे गेले की हडपसर लागत नाही, बोरघाटही चुकतो. विमानातले तास मात्र वाढतात, वर दुबईतला थांबा. आई-वडील पहिल्यांदा एकटे येत असतील तर आमचे मत स्पष्ट आहे : मुंबईहून थेट विमानच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. दिल्लीमार्गे तिकीट असेल तर डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे पुढचे विमान चुकू शकते. मध्ये भरपूर वेळ ठेवा.

सामानात तूप, पेढे, खवा नको. भारतातून दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये आणता येत नाहीत. चिवडा, गूळ, शेंगदाण्याची चटणी खुशाल आणा.

मार्चच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळे तासभर पुढे जातात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. म्हणून भारताशी फरक हिवाळ्यात साडेपाच तासांचा, उन्हाळ्यात साडेचार. गावी सांगताना उतरायची वेळ भारतीय घड्याळाने सांगा, आणि ‘पोचलो’ हा फोन त्यानंतर दोन तासांनी येईल, हेही सांगून निघा. घरचे जागे असतात.