वाडीसाठी शिजवलेले अन्न कसे गोठवावे



मे महिन्यात आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर घरोघरी आगोटची धांदल असते. वीटभट्ट्यांवर गेलेली कातकरी कुटुंबे याच सुमारास वाडीवर परततात, आणि लावणीची मजुरी सुरू होईपर्यंत त्यांच्या चुली कशाबशा पेटतात. तेव्हा मंडळीतल्या भगिनी डाळ, भाज्यांचे सूप, कुळथाचे कळण मोठ्या पातेल्यात करून, गोठवून आमच्याकडे देतात. ते बाळंतिणींना आणि लहान मुलांना जाते, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

खरा धोका फ्रीझरमध्ये नसतो, पातेले निवत असते तेव्हा असतो. 60 अंशांच्या खाली आणि 5 अंशांच्या वर जंतू झपाट्याने वाढतात. दहा लिटरचे पातेले रात्रभर ओट्यावर ठेवले, तर वरून गार लागते, पण मधला भाग तासन्‌तास कोमटच असतो. भातातल्या काही जंतूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होऊन विष तयार करतात आणि ते विष पुन्हा उकळूनही जात नाही. ‘एक उकळी दिली की चालते’ हे म्हणूनच खरे नाही. मुळात अशक्त असलेल्या मुलाला रात्री जुलाब-उलट्या सुरू झाल्या, तर वाडीवरून दवाखाना गाठणे किती अवघड असते, हे मी पाहतो. मान्ना सकाळपर्यंत ठेवला तेव्हा काय झाले, ते निर्गमाच्या 16व्या अध्यायात आहेच.

म्हणून भात-खिचडी परातीत पातळ पसरा. डाळ-सूप लहान भांड्यांत काढून ती गार पाण्याच्या घमेल्यात ठेवा आणि ढवळत राहा. पाण्यात बर्फ घातला तर उत्तमच, मात्र मासळीसाठी मिळणारा बर्फ भांड्याबाहेरच राहू द्या. दोन तासांत अन्न निवून फ्रीझरमध्ये गेले पाहिजे.

पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते. डबा काठोकाठ भरू नका, काचेची बरणी तर नकोच. अर्ध्या लिटरच्या जाड पिशव्या थाळीत आडव्या ठेवून गोठवल्या की लवकर गोठतात आणि पुस्तकांसारख्या रचता येतात. बटाटा व नारळाचे दूध घालू नका. बटाटा भुसभुशीत होतो, दूध फाटते.

वाडीवर फ्रीज नाही. बर्फाच्या थर्माकोल पेटीतून आलेले अन्न आम्ही त्याच दिवशी खळखळून उकळून वाढतो, उरवत नाही. म्हणून पिशवीवर पदार्थ, तारीख आणि ते किती जणांना पुरेल, हे जरूर लिहा.

आता विजेचे. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-मुरुडकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे अंधार होता. गच्च भरलेला फ्रीझर न उघडता सुमारे 48 तास टिकतो, अर्धा भरलेला 24 तास. माझे मत विचाराल तर जूननंतर गोठवलेले देऊच नये. सुकट, कुळथाचे पीठ, भाजणी द्यावी. जवळा घालून केलेले कालवण मुले आवडीने खातात, आणि ते टिकवायचे कसे हे वाडीवरच्या आयांना आपल्यापेक्षा चांगले कळते.

गोठवलेले डबे 25 मेपर्यंत, शक्यतो रविवारच्या उपासनेला येताना आणावेत. झाकणावर आपले नाव असू द्या, म्हणजे रिकामा डबा परत करता येईल.