ओशट सांडपाणी व मैला यांची उपकारक जंतूंकडून विल्हेवाट

गावोगावी नळाचे पाणी आले आणि घरोघर शौचालये झाली, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु पाणी घरात आणण्याकडे जितके लक्ष दिले जाते, तितके ते घराबाहेर काढण्याकडे दिले जात नाही. मोरीचे पाणी रस्त्यावर साचते व त्यात डासांची पैदास होते. शौचालयाच्या टाकीतील पाणी उघड्या गटारात सोडले जाते आणि तेच पुढे विहिरीच्या झऱ्यात मिसळते. अतिसार, कावीळ व विषमज्वर हे रोग याच वाटेने घरात शिरतात.

ही घाण नाहीशी करणारे कामकरी निसर्गाने फुकट पुरविलेले आहेत. ते म्हणजे डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जंतू. त्यांचे काम कसे चालते व कशाने बंद पडते हे ध्यानात घेतल्यास थोड्या खर्चात सांडपाण्याचा बंदोबस्त करता येतो.

जंतूंचे दोन वर्ग

घाण कुजविणाऱ्या जंतूंचे मुख्यतः दोन वर्ग आहेत. पहिल्या वर्गातील जंतूंना हवेतील प्राणवायू लागतो. ते ओढ्याच्या वाहत्या पाण्यात, जमिनीच्या वरच्या थरात व हलविलेल्या खताच्या ढिगात आढळतात. त्यांचे काम जलद होते व त्यास दुर्गंधी फारशी येत नाही. दुसऱ्या वर्गातील जंतू हवा नसलेल्या जागी, म्हणजे बंद टाकीत, गोबर गॅस संयंत्रात व जनावरांच्या पोटात राहतात. त्यांचे काम सावकाश चालते.

हवेवाचून चालणारे काम टप्प्याटप्प्याने होते. आधीच्या टप्प्यांतील जंतू अन्नकण, मैला व चरबी फोडून त्यांची आम्ले बनवितात. शेवटच्या टप्प्यातील जंतू मुख्यतः या आम्लांपासून मिथेन हा जळाऊ वायू तयार करतात. हे अखेरचे जंतू मंद वाढणारे व नाजूक असतात. सुमारे ३५ अंश सेल्सिअस उष्णतामानात ते उत्तम काम करतात, तर थंडीत मंदावतात. आम्ल साचत गेले की त्यांचे काम थांबते आणि टाकीस आंबूस, उग्र घाण येऊ लागते.

विरजणाचे तत्त्व

दुधास विरजण लावल्यावाचून दही लवकर लागत नाही. तोच नियम येथेही लागू आहे. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे एडवर्ड आर्डर्न व विल्यम लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा सोडून ते शुद्ध करण्याचे प्रयोग केले व १९१४ साली ते प्रसिद्ध केले. पहिल्या खेपेस या कामास काही आठवडे लागले. तळाशी बसलेला गाळ त्यांनी फेकून न देता त्यावर नवे सांडपाणी घेतले. प्रत्येक खेपेस वेळ कमी होत गेला व अखेर तेच काम काही तासांवर आले. त्या गाळात जंतूंची दाट वस्ती झालेली होती. शहरांतील सांडपाणी शुद्ध करण्याच्या अनेक केंद्रांत आजही हेच तत्त्व वापरले जाते.

शेतकऱ्याने यापासून इतकाच बोध घ्यावा की, टाकीतील जुना गाळ हे विरजण आहे. टाकी उपसताना तळाशी थोडा गाळ राहू द्यावा. नवी टाकी किंवा नवे गोबर गॅस संयंत्र सुरू करताना चालू संयंत्रातील थोडी मळी आणून घातल्यास काम लवकर सुरू होते. शौचालयाच्या टाकीत मैल्याबरोबर जंतू आपोआपच येतात. त्यामुळे विकत मिळणारी जंतूंची पूड घालणे आवश्यक नसते, आणि ती घातली म्हणून गाळ उपसणे टळतही नाही.

ओशट पदार्थांची अडचण

तेल, तूप व चरबी हे जंतूंचे सकस खाद्य आहे. परंतु ते पाण्यात विरघळत नाहीत. पाण्यावर तरंगणाऱ्या गोळ्यास जंतू केवळ बाहेरून खातात व आतला भाग महिनोगणती तसाच राहतो. शिवाय चरबीपासून निघणारी आम्ले फार झाली तर मिथेन तयार करणारे जंतू निकामी होतात. हाच ओशटपणा शोषखड्ड्यात गेला की दगडविटांवर व मातीवर मेणासारखे लेपण बसते आणि पाणी मुरणे बंद होते.

कढत पाणी किंवा कॉस्टिक सोडा ओतून तुंबलेला नळ मोकळा करण्याची रीत अनेक घरांत आहे. त्याने चरबी नाहीशी होत नाही. ती पातळ होऊन पुढे जाते व गार झाल्यावर दुसऱ्या जागी थिजते. याकरिता ओशट पदार्थ वाटेतच अडविणे हा खरा उपाय होय.

ओशट पदार्थ अडविणारी कुंडी

एका कुटुंबाच्या मोरीसाठी सुमारे ६० सेंटीमीटर लांब, ४५ सेंटीमीटर रुंद व ४५ सेंटीमीटर खोल अशी विटांची गिलावा केलेली कुंडी पुरते. पाणी एका बाजूने आत घ्यावे. बाहेर जाणाऱ्या नळाचे तोंड आतील बाजूस खाली वळवून तळापासून सुमारे १५ सेंटीमीटर उंचीवर ठेवावे. कुंडीत पाणी शांत होते, तेल वर तरंगते, खरकटे खाली बसते व मधले पाणी बाहेर पडते. कुंडीवर सहज उचलता येईल असे घट्ट झाकण ठेवावे.

आठवड्यातून एकदा वरचा थर झाऱ्याने काढावा व तळाचे खरकटे उपसावे. हा माल कोरडी माती, पालापाचोळा व शेण यांत चांगला कालवून खतखड्ड्यात पातळ पसरावा व मातीने झाकावा. एकाच जागी गोळा टाकल्यास त्यात हवा शिरत नाही. गोबर गॅस संयंत्रात तो अगदी थोडा थोडा घालता येतो. २५ किलो ताज्या शेणापासून सुमारे एक घनमीटर वायू मिळतो. तेवढ्याच वजनाच्या चरबीपासून त्याच्या कितीतरी पट मिळतो. परंतु लोभाने एकदम जास्त घातल्यास संयंत्र आंबून बंद पडते. इंजिनाचे जळके तेल मात्र कुंडीत, खतात किंवा संयंत्रात कधीही टाकू नये.

वसतिगृहे, आश्रमशाळा व खानावळी यांच्यासाठी मोठी कुंडी लागते. तिचे माप जाणकार अभियंत्याकडून ठरवून घ्यावे. ताटे धुण्यापूर्वी खरकटे पुसून काढल्यास कुंडीवरील बोजा बराच कमी होतो.

टाकी व शोषखड्डा

शौचालयाच्या टाकीत पाणी निदान एक दिवस शांत राहिले पाहिजे. गाळ खाली बसतो व वर साय धरते. गाळ व साय मिळून टाकीची एकतृतीयांश खोली व्यापू लागली, म्हणजे साधारणतः दोन ते तीन वर्षांनी, टाकी उपसावी. बाहेर पडणारे पाणी नितळ दिसले तरी ते निर्धोक नसते. रोगजंतू व कृमींची अंडी त्यात राहतात. म्हणून ते उघड्यावर न सोडता शोषखड्ड्यात मुरवावे. मातीच्या वरच्या थरातील हवेवर जगणारे जंतू उरलेले काम पुरे करतात.

शोषखड्डा विहिरीपासून निदान १५ मीटर दूर व उताराच्या खालच्या अंगास असावा. महाराष्ट्रात या बाबतीत दोन अडचणी येतात. काळ्या चिकण जमिनीत पाणी मुरत नाही. तेथे एकच खोल खड्डा घेण्यापेक्षा उथळ व लांब चर घेणे बरे. उलट, भेगा असलेल्या काळ्या खडकात पाणी न गाळता थेट विहिरीपर्यंत जाते. अशा ठिकाणी अंतर वाढवावे.

मोरीचे पाणी कुंडीतून गेल्यावर केळी, नारळ किंवा कर्दळीच्या वाफ्यास देता येते. कच्च्या खाण्याच्या भाज्यांना मात्र कोणतेही सांडपाणी देऊ नये.

महाराष्ट्रातील प्रयत्न

कणकवलीनजीक गोपुरी येथे अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) यांनी मैल्याचे खत होईल अशा संडासांचा प्रसार केला. देहू येथे डॉ. मापुसकर यांनी शौचालयास जोडलेली ‘मलप्रभा’ ही वायुसंयंत्रे उभारली. त्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. दोघांच्याही कार्याचा आधार एकच होता : मैल्यास माणसाचा हात लागू नये, ते काम जंतूंनी करावे. दोन खड्ड्यांच्या शौचालयात हेच साधते. भरलेला खड्डा बंद करून दीड ते दोन वर्षे राहू दिल्यास मैल्याचे वास नसलेले, मातीसारखे खत होते.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. फिनेल, तेजाब किंवा जंतुनाशके बाटलीभर ओतू नयेत. त्यांनी उपकारक जंतूही मरतात.

२. पावसाचे पाणी टाकीत जाऊ देऊ नये. त्याने गाळ वाहून शोषखड्डा बुजतो.

३. टाकीस वायू बाहेर जाण्याचा उंच नळ असावा व त्याच्या तोंडास जाळी बांधावी.

४. टाकीत माणसाने कदापि उतरू नये. आत साचणारा हायड्रोजन सल्फाइड हा वायू प्राणघातक आहे. तो फार झाला की त्याचा वासही कळेनासा होतो. आत पडलेल्यास वाचविण्यासाठी दुसरा उतरतो व तोही दगावतो. माणसाकडून अशा धोक्याने टाकी साफ करून घेणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरविले आहे. उपसण्याचे काम यंत्रानेच करवावे व झाकणाजवळ विडी, काडी किंवा दिवा नेऊ नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम शाळा व आश्रमशाळा यांच्या मोऱ्या पाहाव्यात. तेथे एक कुंडी बांधून ती आठवड्याला साफ करण्याची जबाबदारी ठरवून द्यावी, आणि महिन्यानंतर शोषखड्डा कोरडा राहतो की नाही ते गावकऱ्यांस प्रत्यक्ष दाखवावे. जंतूंना योग्य खाद्य, पुरेसा वेळ व विषापासून मोकळीक एवढेच लागते. इतके मिळाले की ते आपले काम अखंड करीत राहतात व विहिरीचे पाणी निर्मळ राखण्यास साहाय्य होते.