परिचारिकेची नोंद आणि संशोधन

रुग्णालयात खाटेजवळ टांगलेला तक्ता वाचकांनी पाहिला असेल. परिचारिका ठराविक वेळाने त्यावर रुग्णाचे तापमान, नाडी, श्वास व रक्तदाब लिहिते. डॉक्टर दिवसातून एकदोनदा येतात. परिचारिका मात्र रात्रंदिवस रुग्णाजवळ असते. म्हणून त्याच्या प्रकृतीतील पहिला पालट बहुधा तिच्याच दृष्टीस पडतो. असा पालट कसा नोंदवावा आणि अनेक नोंदींतून उपचारास उपयोगी ज्ञान कसे मिळवावे, याचा विचार करणाऱ्या शास्त्रास शुश्रूषा-माहितीशास्त्र म्हणता येईल.

या विचाराचे मूळ संगणकाहून जुने आहे. १८५४ च्या नोव्हेंबरात फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ परिचारिकांसह स्कुटारी येथील ब्रिटिश लष्करी रुग्णालयात पोचल्या. तेथे सैनिक जखमांपेक्षा रोगांनीच अधिक मरत होते आणि मृत्यूंच्या नोंदींतही मेळ नव्हता. युद्ध संपल्यावर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या साहाय्याने नाइटिंगेल यांनी आकडे जुळविले व १८५८ मध्ये आकृत्यांच्या द्वारे दाखवून दिले की, यांपैकी बहुतेक मृत्यू टाळता येण्याजोगे होते. सर्व रुग्णालयांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवाव्यात, अशी योजनाही त्यांनी १८६० च्या सुमारास पुढे मांडली.

तथापि, पुढील काळातही रोगाचे नाव व डॉक्टरांचा उपचार तेवढा आकडेवारीत येई. शुश्रूषेचा त्यात मागमूसही नसे. १९८५ मध्ये हॅरिएट वर्ली व नॉर्मा लँग या अमेरिकन विदुषींच्या पुढाकाराने १६ बाबींची एक किमान यादी ठरविण्यात आली. परिचारिकेने रुग्णाची कोणती अडचण ओळखली, काय केले, परिणाम काय झाला व शुश्रूषा किती लागली, या चार बाबी तीत होत्या. एका गोष्टीस सर्वत्र एकच नाव असल्यावाचून मोजणी होत नाही आणि मोजणीवाचून तुलना होत नाही.

नोंदीचे मोल एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये एक गुणपद्धती प्रसिद्ध केली. तीत प्रत्येक मापनास, ते स्वाभाविक मर्यादेपासून जितके दूर तितके, अधिक गुण मिळतात. समजा, एका रुग्णाचे श्वास मिनिटास २२ आहेत (२ गुण), रक्तातील ऑक्सिजन ९३ टक्के (२), नाडी १०४ (१), वरचा रक्तदाब १०८ (१) व तापमान ३८.४ अंश सेल्सिअस (१). यांतील एकही आकडा एकटा फारसा भयावह नाही; परंतु बेरीज ७ होते, आणि ७ गुणांना तातडीच्या पथकास बोलवावे, असा नियम आहे. आता परिचारिकेने कामाच्या गर्दीत श्वास न मोजता अंदाजाने १८ लिहिले, तर त्यास शून्य गुण मिळून बेरीज ५ वर येईल व पथक बोलावले जाणार नाही. संगणक बेरीज अचूक करील. चुकीची नोंद तो दुरुस्त करू शकत नाही.

यंत्रांचीही परीक्षा आवश्यक असते. बोटास लावायचे ऑक्सिमीटर गडद वर्णाच्या रुग्णांत ऑक्सिजन वास्तवाहून अधिक असल्याचे अधिक वेळा दाखविते, असे २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. भारतीय वाचकास हा प्रश्न परका नाही.

आपल्या देशात २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा देशभर प्रारंभ झाला. आरोग्याच्या नोंदी संगणकावर येतील तसतसे नवे प्रश्न उभे राहतील. एकच माहिती वहीत व पडद्यावर अशी दोनदा लिहिण्यात परिचारिकेचा किती वेळ जातो? बाहेर ठरविलेले गुण आपल्या रुग्णांना लागू पडतात काय? रुग्णाची खाजगी माहिती सुरक्षित कशी राहील? यांची उत्तरे केवळ यंत्रे विकत घेऊन मिळणार नाहीत. त्यांसाठी संशोधनास द्रव्य हवे, परिचारिकांना संख्याशास्त्राचे शिक्षण हवे आणि प्रश्न ठरविताना त्यांचा सहभाग हवा. कारण रुग्णाचा श्वास प्रत्यक्ष मोजणारी व्यक्ती तीच होय.