उसाच्या फडावर आलेल्या कुटुंबांस साह्य

गळिताचा हंगाम आला म्हणजे बीड, अहिल्यानगर इत्यादि जिल्ह्यांतील पुष्कळ कुटुंबें घरें बंद करून कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यांत ऊस तोडावयास जातात. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, व मुकादमाची उचल अगोदरच घेतलेली असते. म्हणून दुखणें आलें तरी फड सोडण्याचें धैर्य त्यांस होत नाहीं. ज्यांच्या शिवारांत त्यांच्या कोप्या पडतात, त्या मंडळींनीं काय करावें, याचा विचार आपण या पाठांत करूं.

पहिली गोष्ट आरोग्याची. कोपींत कोणी गरोदर आहे काय, हें आपल्या बायांनीं जाऊन विचारावें व गांवच्या आशाताईंस कळवावें. ती परगांवची असली तरी सरकारी केंद्रांत तिची तपासणी व बाळास लस मिळते. अडल्या वेळीं 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी; तिला भाडें पडत नाहीं.

दुसरी गोष्ट धान्याची. शिधापत्रिका मूळ गांवची असली तरी, आधार जोडलेलें असल्यास, येथील रास्त भाव दुकानांत अंगठा देऊन धान्य घेतां येतें. मात्र घरीं म्हातारीं माणसें राहिलीं असल्यास त्यांचा वांटा त्यांच्याकरितां ठेवावा.

तिसरी गोष्ट मुलांची. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणें वयाचा दाखला नाहीं, एवढ्यावरून मुलास शाळेंत घेण्याचें नाकारतां येत नाहीं.

चौथी गोष्ट न्यायाची. उचल फिटेपर्यंत माणसास अडकवून जबरीनें राबविणें हा 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानें गुन्हा आहे. 1987 च्या विधि सेवा कायद्यान्वयें स्त्रिया, मुलें व अनुसूचित जातिजमातींचे लोक यांस, मिळकत कितीही असो, वकील फुकट मिळतो. तालुका न्यायालयांतील विधि सेवा समितीकडे जावें, किंवा 15100 या क्रमांकावर विचारावें.

आतां साह्य करण्याची रीत. पहिल्या खेपेस सोबत जावें, पण उत्तर त्यांनाच देऊं द्यावें. त्यांचे कागद आपल्यापाशीं ठेवूं नयेत. मुकादमाविरुद्ध तक्रार करावयाची कीं नाहीं, हें त्यांनींच ठरवावें. कारण पुढच्या वर्षीं काम त्यांसच शोधावयाचें असतें. साह्याच्या बदल्यांत कसलीही अट घालूं नये. दुसऱ्या खेपेस तीं माणसें एकटीं गेलीं, तर आपलें काम नीट झालें असें समजावें.

उपदेशकांनीं हा प्रश्न मंडळीस विचारावा: आपल्या शिवारांत यंदा किती कोप्या आहेत, व त्यांपैकीं कितींच्या दारीं आपण गेलों?