मुंबई ते लंडन : साडेचार तास की दहा तास?



प्रमाणवेळ शिकवताना मी फळ्यावर एक उदाहरण लिहिलं. 'जानेवारीत एक विमान मुंबईहून दुपारी 2 वाजता निघाले. त्याच दिवशी संध्याकाळी 6:30 वाजता ते लंडनला उतरले. प्रवासाला किती वेळ लागला?' अर्धा वर्ग ओरडला, "साडेचार तास!"

"चूक" असं म्हणणार होते, पण थांबले. कारण मुलांची वजाबाकी बरोबरच होती! आपण नुसती फुली मारली, तर मूल 'मला गणित येत नाही' एवढंच शिकतं. त्यापेक्षा उत्तर त्यालाच तपासू द्या.

1) अंतर मोजा : पृथ्वीगोलावर मुंबई ते लंडन दोरा ताणून धरा. मग तेवढाच दोरा विषुववृत्तावर ठेवा. तो साधारण 65 अंश भरतो. विषुववृत्तावर 1 अंश म्हणजे सुमारे 111 किमी. म्हणजेच अंतर झालं जवळपास 7,200 किमी. (सपाट नकाशावर पट्टी ठेवून हे अंतर नीट मिळत नाही, कारण पृथ्वी गोल आहे.)

2) वेग काढा : 7,200 ÷ 4.5 = ताशी 1,600 किमी. प्रवासी विमान आकाशात ताशी साधारण 850 ते 900 किमी वेगाने जातं. मुलं आपणहून म्हणतात, "बाई, काहीतरी गडबड आहे!" हाच खरा शिकण्याचा क्षण.

3) घड्याळं बघा : निघण्याची वेळ मुंबईच्या घड्याळातली, पोहोचण्याची लंडनच्या. भारताची प्रमाणवेळ 82°30′ पूर्व रेखावृत्तावरून ठरते. 15 अंशाला 1 तास, म्हणून आपण ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. लंडनला 6:30 वाजले, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे 12 वाजलेले असतात. म्हणजे प्रवास 10 तासांचा. सरासरी वेग ताशी 720 किमी. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं-उतरणं, वळणाचा मार्ग आणि समोरचा वारा, हे सगळं त्यात आलं.

4) परतीचा प्रवास : लंडनहून रात्री 9 ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी 11:30 ला मुंबई. घड्याळ सांगतं साडेचौदा तास. त्यातून साडेपाच वजा केले की उरतात 9 तास. जाताना मिळवायचं, येताना वजा करायचं. परतताना वेळ कमी का? उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे विमानाला मागून ढकलतात.

एक लक्षात ठेवा, उन्हाळ्यात ब्रिटनमधली घड्याळं एक तास पुढे करतात. तेव्हा फरक साडेचार तासांचाच राहतो.

पालकहो, परदेशातल्या काका-मावशीला फोन लावण्याआधी मुलांना विचारा, "तिकडे आत्ता किती वाजले असतील?" उत्तर चुकलं तरी रागावू नका. "कोणाच्या घड्याळात?" एवढंच विचारा. पुढचं मूल स्वतः शोधेल.